मुलगी म्हणते, मधमाशा पाळीन!

मैत्रिणींनो, गेल्या महिन्याच्या टपालात एक पत्र जरा निराळं होतं. एरवी पत्रं येतात ती लोणच्याला बुरशी का येते, सासूबाईंशी कसं जमवून घ्यावं, मुलगा गणितात कच्चा आहे, अशी. हे पत्र होतं कोथरूडच्या एका भगिनीचं. मुलगी २३ वर्षांची, वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली. बँकेच्या परीक्षांची पुस्तकं आणून ठेवलीत, त्यांवर धूळ बसली आहे, आणि मुलगी म्हणते, मी मधमाशा पाळणार!

नुसतं म्हणून थांबली असती तर पत्र आलं नसतं. मोबाईलवर कुणाकुणाचं बघून तिने एकदम तीस पेट्यांचा बेत आखला आहे आणि वडिलांकडे दोन लाख रुपये मागितले आहेत. हे दोन लाख कुठले, तर तिच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेले. वडील म्हणतात, एक छदाम मिळणार नाही. मुलगी म्हणते, मग माझं लग्नही नको. गेले तीन आठवडे बापलेक एका वेळी जेवायला बसत नाहीत, आणि आईला दोनदा पानं वाढावी लागतात. भगिनी विचारतात, या धंद्यात खरंच काही आहे का? असेल तर यजमानांना समजावते. नसेल तर तिचा नाद सोडवते. पण मला कुणीतरी नीट सांगा.

आता मी कलाशाखेची, शाळेत अर्धवेळ मराठी आणि भूगोल शिकवणारी. मधमाशी म्हटलं की मला पहिल्यांदा हातातला झाडूच आठवतो. पण पत्र मनातून जाईना. म्हणून चौकशी केली, थोडं वाचलं, आणि जे हाती लागलं ते इथे मांडते आहे. घरात तरुण मुलं असलेल्या इतरजणींनाही ते उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट म्हणजे, मुलीला शिकायला कुठे लांब जायला नको. मधमाशांचा अभ्यास करणारी केंद्रीय संस्था आपल्या पुण्यातच आहे! गणेशखिंड रस्त्यावर केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी व ग्रामोद्योग आयोगाने ती १९६२ साली स्थापन केली. आपण त्या रस्त्याने विद्यापीठाकडे किती वेळा जातो, पण पाटीकडे कधी लक्ष जात नाही. तिथे मधमाशापालनाचं रीतसर शिक्षण मिळतं. तारखा आणि शुल्क वेळोवेळी बदलतात, म्हणून तिथे जाऊनच विचारावं. तेव्हा ताई, माझं पहिलं सांगणं हे, की पैशाचं बोलणं सध्या बाजूला ठेवा आणि मुलीला आधी हे शिकून येऊ द्या. शिकताना हातावर माशा बसतील, एक-दोन डंख बसतील. त्यानंतरही ती म्हणाली की पाळणार, तर ती खरंच पाळणार.

आता माशांविषयी. आपल्याकडे मोहोळं करणाऱ्या माशा मुख्यत्वे तीन जातींच्या. उंच इमारतीच्या सज्जाखाली किंवा झाडाच्या फांदीला जे भलं मोठं एकच पोळं लोंबतं, ते आग्यामोहोळ. ही माशी तापट, आणि ती पेटीत राहत नाही. दुसरी फुलोरी, अगदी लहान. कुंपणाच्या झुडपात लहानसं पोळं करते, तीही पेटीत राहत नाही. तिसरी सातेरी. ही झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत अंधारात एकाशेजारी एक अशी बरीच पोळी बांधते. अंधारात राहायची सवय असल्यामुळे तिला लाकडी पेटी मानवते. आपल्याकडची पाळीव माशी म्हणतात ती हीच. चौथी पाहुणी आहे, युरोपातून आणलेली मेलिफेरा. १९६०च्या दशकात हिमाचलमधल्या नगरोटा इथे तिची भारतात नीट घडी बसली आणि मग उत्तरेकडे तिचा मोठा व्यवसाय झाला.

पेटीची युक्ती मला फार आवडली. आत लाकडी चौकटी टांगलेल्या असतात, आपण कपाटात साड्या हँगरला लावतो तशा. दोन चौकटींमध्ये माशीला जायला-यायला पुरेल इतकीच, म्हणजे पाव ते तीन अष्टमांश इंच, फट ठेवायची. फट जास्त झाली तर माशा तिथे वेडंवाकडं पोळं बांधतात, कमी झाली तर डिंकासारख्या पदार्थाने ती चिकटवून टाकतात. हे माप १८५१ साली अमेरिकेतल्या लँगस्ट्रॉथ नावाच्या पाद्र्याच्या ध्यानात आलं, आणि तेव्हापासून पोळं न मोडता चौकट बाहेर काढता येऊ लागली. खालच्या कप्प्यात राणी अंडी घालते आणि पिलं वाढतात. वरच्या कप्प्यात मध साठतो. वरच्या चौकटी यंत्रात घालून फिरवल्या की मध बाहेर उडतो आणि रिकामं पोळं जसंच्या तसं माशांना परत देता येतं. पूर्वी पोळं पिळून मध काढत, त्यात पिलंही पिळली जात. ते वाचल्यापासून घरोघर बादलीतून येणाऱ्या ‘जंगली मधा’कडे बघायला मला नको वाटतं.

आता आपल्या सगळ्यांचा जिव्हाळ्याचा विषय, हिशेब.

सातेरीची एक पेटी आपल्याकडे वर्षाला साधारण पाच ते दहा किलो मध देते असं धरतात. नवशिक्या हातात पाचच धरा. मुलीच्या म्हणण्याप्रमाणे तीस पेट्या घेतल्या आणि सगळ्या टिकल्या, तर झाला दीडशे किलो. किलोला ५०० रुपये भाव धरला तर वर्षाचे ७५ हजार, म्हणजे महिन्याला सव्वासहा हजार. यातून बाटल्या, लेबलं, पावसाळ्यातली साखर आणि पेट्या बघायला जाण्याचं भाडं वजा करा. दहाच पेट्या असतील तर वर्षाचे २५ हजार, म्हणजे महिन्याला दोन हजारांच्या आसपास. दुधाचं बिल आणि वर थोडे! आणि हे कधी, तर सगळ्या पेट्या टिकल्या तर. पहिल्या वर्षी त्या सगळ्या टिकत नाहीत.

का टिकत नाहीत, तेही सांगते. सातेरीला जागा पटली नाही, अन्न मिळालं नाही किंवा फार छेडलं, तर ती सगळी बिऱ्हाडाबिऱ्हाड उठून निघून जाते. सकाळी पेटी उघडावी तर आत कुणीच नाही! भर हंगामात वसाहत फार वाढली की जुनी राणी निम्म्या माशा घेऊन वेगळी निघते. ते वेळीच ओळखता आलं तर एकाच्या दोन पेट्या होतात, नाही तर असलेलीही निम्मी राहते. मेणकिडा पोळी पोखरतो. मुंग्या तर आहेतच. आणि रोग. १९९१-९२च्या सुमारास थाई सॅकब्रूड नावाच्या विषाणूने दक्षिण भारतात सातेरीच्या वसाहतीच्या वसाहती संपवल्या. पिलं कोषात जाण्याआधीच मरत. केरळ-कर्नाटकात कित्येकांचा धंदा एका-दोन वर्षांत बसला. कर्ज काढून तीस पेट्या घेतलेल्या माणसावर असली पाळी आली तर त्याने काय करावं?

मग मेलिफेरा घ्यावी का? तिचा मध पेटीमागे पंचवीस-तीस किलोपर्यंत आणि कधी त्याहूनही जास्त निघतो. मोबाईलवर लाखाच्या गोष्टी सांगतात त्या हिच्याच. पण तिला पोटही तेवढंच मोठं. एका जागी तिला वर्षभर फुलोरा पुरत नाही. मग पेट्या रात्री ट्रकमध्ये घालून जिथे पीक फुललं असेल तिथे न्याव्या लागतात. आज सूर्यफूल, उद्या मोहरी. त्याला माणसं लागतात, ओळखी लागतात, आणि भरल्या पेटीचं वजन उचलायला दोघं लागतात. एकट्या, नुकत्या शिकलेल्या मुलीने यात एकदम उडी घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. मुलाचं पत्र असतं तरी मी हेच लिहिलं असतं.

एवढं वाचून यजमान म्हणतील, बघा, मी सांगतच होतो! पण त्यांनाही थोडं थांबायला सांगा. कारण नुसत्या मधाचा हिशेब हा या व्यवसायाचा निम्माच हिशेब आहे.

माशी मध करते ते आपल्या पोटासाठी. शेतकऱ्याला तिचा उपयोग निराळाच. फुलाफुलांवर हिंडताना ती पराग इकडचे तिकडे नेते आणि त्यामुळे फळ धरतं. काकडी, दुधी, भोपळा, कलिंगड यांची नर फुलं वेगळी आणि मादी फुलं वेगळी, तिथे माशी नसेल तर वेल नुसता फुलतो. कांद्याचं बी धरायला माशी लागते, सूर्यफुलाला लागते. डाळिंबाच्या बागाइतदारांनाही आता हे पटलं आहे आणि ते फुलोऱ्याच्या दिवसांत भाड्याने पेट्या आणून ठेवतात. म्हणजे एकच पेटी भाडंही आणते आणि मधही देते. शिवाय मेण आहे, वाढलेल्या वसाहती विकता येतात, आणि हात बसला की इतरांना शिकवताही येतं.

शहरात आणखी एक काम निघालं आहे. आपल्या पुण्यातलंच उदाहरण आहे अमित गोडसे यांचं. शिक्षणाने अभियंता, संगणकाच्या क्षेत्रातली नोकरी. राहत्या इमारतीवरचं मोहोळ औषध फवारून मारलेलं त्यांनी पाहिलं, ते मनाला लागलं, आणि पुढे नोकरी सोडून ते या विषयात पडले. गणेशखिंड रस्त्यावरच्या याच संस्थेत शिकले, आणि ‘बी बास्केट’ या नावाने त्यांनी काम उभं केलं. इमारतींवरची मोहोळं न मारता हलवायची, लोकांना समजावायचं, मध विकायचा. आपल्याकडे सज्जाला आग्यामोहोळ लागलं की चेअरमन पहिला फोन करतात तो पेस्ट कंट्रोलला. खरं तर आग्या माशा स्थलांतर करणाऱ्या. फुलोरा संपला की बहुधा आपणहून निघून जातात. दगड मारणारी पोरं आणि खाली पेटवलेला कचरा एवढं टाळलं तरी पुष्कळ.

आणि पुण्याबाहेर फार लांब न जाता बघायचं असेल तर महाबळेश्वरला जा. आपण जातो ते स्ट्रॉबेरी आणि पॉईंट बघायला, येताना ‘मधुसागर’ची बाटली घेतो आणि विसरतो. त्या डोंगरांतल्या गावकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या पेट्या सांभाळल्या आहेत. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर हे देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून मे २०२२ मध्ये जाहीर झालं. तिथल्या बहुतेक घरांचा मधाशी संबंध आहे. शेती करायची, आणि जोडीला पेट्या. जांभळाचा मध वेगळा, हिरड्याचा वेगळा, आणि सात-आठ वर्षांनी कारवी फुलली की त्या वर्षीचा मध आणखी वेगळा. ‘जोडीला’ हा शब्द मुलीला मुद्दाम दाखवा. तिथले लोकही केवळ पेट्यांवर घर चालवत नाहीत.

महाबळेश्वरलाच राज्य सरकारचं मधसंचालनालय आहे. महाराष्ट्र राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाची मधकेंद्र योजना आहे, तिच्यात वैयक्तिक मधपाळाला प्रशिक्षण मिळतं आणि पेट्या-साहित्याच्या किमतीत ५० टक्के अनुदान मिळतं. उरलेले ५० टक्के आपले. मंडळ ठरवलेल्या भावाने मधही विकत घेतं. अर्जदार साक्षर आणि १८ वर्षांवरचा हवा, स्वतःची शेती असेल तर प्राधान्य. चौकशी जिल्हा ग्रामोद्योग अधिकाऱ्यांच्या कार्यालयात करायची. यजमानांना कागदपत्रांची आवड असेल तर हे काम त्यांच्याकडेच सोपवा. एकदा खेटे घालायला लागले की त्यांचा विरोधही थोडा उतरेल, आणि बापलेक निदान एका स्कूटरवर तरी बसतील!

तेव्हा माझं मत असं. दोन लाख मुळीच देऊ नका. लग्नाचे पैसे जिथे आहेत तिथेच राहू देत. प्रशिक्षण झाल्यावर सातेरीच्या दोनच पेट्या घ्या. दोन का, तर एक बिघडली तर दुसरीशी ताडून बघता येतं, आणि एकीची पिलांची चौकट दुसरीला देऊन ती सावरता येते. त्यांचा खर्च मुलीने शिकवण्या करून निम्मा भरावा, निम्मा तुम्ही द्या. एक वर्ष, म्हणजे उन्हाळा, पावसाळा, थंडी असं सगळं तिने बघावं. वही ठेवावी. कोणत्या महिन्यात काय फुललं, पेटीत किती चौकटी भरल्या, साखर किती लागली. वर्षअखेर ती वही यजमानांपुढे ठेवावी. वहीच्या जोरावर मागितलेल्या दहा पेट्यांना ते नाही म्हणणार नाहीत असं मला वाटतं. आणि तोवर अर्धवेळ नोकरी किंवा ती बँकेची परीक्षा चालू ठेवायला काय हरकत आहे? माशांना रोज आपल्या तोंडाकडे बघायची गरज नसते. आठ-दहा दिवसांनी पेटी उघडली तरी चालतं. उगीच रोज उघडलेली त्यांना आवडतही नाही.

पेट्या कुठे ठेवणार, हा प्रश्न तुम्ही पत्रात विचारलेला नाही, पण तोच मोठा आहे. फ्लॅटच्या गॅलरीत नकोत. समोरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या चादरींवर माशांचे पिवळे ठिपके पडले की शेजारीण आधी तुमच्याकडे येईल आणि मग चेअरमनकडे जाईल. तुमचं माहेर भोरकडचं आहे असं पत्रात आहे. तिथे ठेवा. जवळपास जांभूळ, शेवगा, करंज, चिंच असावी, पाणी असावं, दुपारची सावली असावी, आणि जाण्यायेण्याच्या वाटेपासून थोडं आडबाजूला. शेजारच्या शेतकऱ्याला सांगून ठेवावं की फवारणी करणार असाल तर आदल्या दिवशी कळवा आणि संध्याकाळी करा, माशा घरी परतल्यावर. एका फवारणीत वर्षाची मेहनत जाते.

डंखाची भीती तुम्ही लिहिली आहे. ती खरी आहे, पण बेतानं धरावी. माशीच्या काट्याला उलटे दात असतात, तो कातडीत रुतून राहतो आणि ती बिचारी मरते. काटा नखाने खरवडून लगेच काढावा, कारण तो तुटल्यावरही विष ढकलत राहतो. मग थंड पाण्याची पट्टी. पण एखाद्याला डंखानंतर तोंड-ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, धाप लागली, तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक इस्पितळ गाठा. मुलीला असा त्रास आहे की नाही हे आधीच डॉक्टरांशी बोलून घ्या. पेटीजवळ जाताना फिकट रंगाचे कपडे, तोंडावर जाळी, आणि अत्तर-गजरा काही नको. आणखी एक गंमत. चिडलेली माशी डंख मारताना जो वास सोडते तो पिकल्या केळ्यासारखा असतो, आणि त्या वासाने बाकीच्या धावून येतात. म्हणून पेटीकडे जाण्याआधी केळं खाऊ नये!

मध विकायचाच झाला तर मुलीने दोन गोष्टी पाळाव्यात. पोळ्यातली घरं माशांनी मेणाने बंद केली की मध पिकला समजायचा. त्याआधी काढला तर त्यात पाणी जास्त राहतं आणि तो आंबतो. आणि पावसाळ्यात फुलं नसताना साखरेचा पाक पाजावा लागतो, त्या दिवसांत साठलेला मध काढून विकायचा नाही. तो मध नव्हे, तो आपलाच पाक. गिऱ्हाइकाला कळणार नाही, हे खरं. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने तेरा नामांकित छापांचे मध तपासून घेतले, त्यांतल्या बहुतेकांत साखरेच्या पाकाची भेसळ निघाली. तेव्हापासून लोक ओळखीच्या माणसाकडून मध घ्यायला बघतात. छोट्या मधपाळाला गिऱ्हाईक मिळतं ते त्यामुळेच. विक्रीआधी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची नोंदणी मात्र करून घ्यावी, घरगुती विक्री असली तरी.

जाता जाता आपल्या स्वयंपाकघरापुरतं. थंडीत मध गोठून साखरेसारखे खडे झाले तर तो खोटा समजून टाकू नका. खरा मधही गोठतो. बाटली कोमट पाण्यात उभी करून ठेवा, गॅसवर चढवू नका. पाण्यात थेंब सोडून किंवा काडी पेटवून पारख करायच्या युक्त्यांवर विश्वास ठेवू नका, हल्लीचे पाक त्यांना सहज फसवतात. आणि घरात तान्हं बाळ असेल तर, आजेसासूबाई कितीही म्हणोत, वर्षाचं होईपर्यंत त्याच्या जिभेला मध लावू नका. मधात कधी कधी असे जंतू असतात की ते मोठ्यांना बाधत नाहीत, पण बाळाच्या कोवळ्या आतड्यात विष तयार करतात.

तर ताई, दसरा-दिवाळीच्या सुमारास, पावसाळा सरल्यावर पेट्या आणायच्या. पुढे फुलोरा वाढत जातो आणि माशांना स्थिरावायला वेळ मिळतो. म्हणजे प्रशिक्षण त्याआधी व्हायला हवं. मुलीला या आठवड्यातच गणेशखिंड रस्त्यावर चौकशीला पाठवा, जमलं तर तुम्हीही बरोबर जा. आणि पेट्या येतील त्या दिवशी स्टँडच्या चारही पायांखाली पाणी भरलेल्या जुन्या वाट्या ठेवायला विसरू नका. पिठाच्या डब्याला मुंग्या लागू नयेत म्हणून आपण ठेवतो, अगदी तशाच.